अवघड श्वासमार्ग : कोणत्या पेशंटला कोणतं साधन, आणि ते हातात घेतल्यावर काय करायचं

‘व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घ्यायचाय, कोणता घेऊ?’ तालुक्याच्या गावी किंवा लहान शहरात काम करणाऱ्या भूलतज्ज्ञांकडून हा प्रश्न सारखा येतो. (लॅरिंगोस्कोप म्हणजे जीभ उचलून स्वरयंत्र दाखवणारं ब्लेडचं साधन; व्हिडिओवाल्याला कॅमेरा आणि पडदा असतो.) प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी एक विचारायला हवं : तुमच्या पेशंटमध्ये श्वासनलिकेत घालायची ट्यूब नेमकी अडते कुठे?

ट्यूब अडायच्या जागा चार. तोंडच उघडत नाही. तोंड उघडतं, पण कॉर्ड्स, म्हणजे स्वरतंतू, दिसत नाहीत. कॉर्ड्स पडद्यावर स्वच्छ दिसतात, पण ट्यूब तिथवर वळत नाही. आणि ट्यूब कॉर्ड्सपाशी पोचते, पण आत सरकत नाही. बाजारातलं प्रत्येक साधन यांतल्या एका-दोन अडचणींवर उपाय आहे. चारहींवर चालणारं एकही नाही. म्हणून ‘सगळ्यांत चांगलं साधन कोणतं’ या वादात वेळ घालवण्यापेक्षा अडचण ओळखून तिच्यासमोर नेमकं साधन ठेवायला शिकलेलं बरं. पुढचं सगळं विवेचन प्रौढ पेशंटबद्दल आहे आणि ते भूलशास्त्राचं प्रशिक्षण घेतलेल्या किंवा घेत असलेल्या डॉक्टरांसाठी आहे. लहान मुलांचा श्वासमार्ग हा स्वतंत्र विषय आहे.

आधी पेशंट नीट बघा

मल्लमपती ग्रेड (तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो याची श्रेणी) सगळे लिहितात. १९८५ साली मांडलेली ती तपासणी उपयोगी आहे, पण एकटी फार काही सांगत नाही. मी तिच्याबरोबर पाच गोष्टी बघते : तोंड किती उघडतं, खालचे दात वरच्या ओठावर येतात का, मान मागे किती जाते, हनुवटीपासून गळ्यापर्यंतचा भाग मऊ आहे की रेडिएशनने किंवा सुजेने लाकडासारखा झालाय, आणि गळ्यावर क्रायकोथायरॉइड पडदा (स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधला पातळ पडदा, जिथून ऐन वेळी मार्ग करता येतो) बोटाला लागतो का. शेवटची गोष्ट बहुतेक जण तपासतच नाहीत. जाड मानेच्या बायकांमध्ये तो पडदा सापडायला सर्वांत अवघड. तिथे आधीच, जमल्यास सोनोग्राफीचा प्रोब लावून, मार्करने खूण करून ठेवा.

आपल्याकडे तोंड न उघडण्याचं एक मोठं कारण म्हणजे सुपारी आणि तंबाखू. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सबम्यूकस फायब्रोसिसचे पेशंट ओपीडीत रोज दिसतात. गालाच्या आतल्या भागात पांढरट, ताठ पट्टे तयार होतात, तोंड हळूहळू मिटत जातं आणि जीभही पुरती बाहेर येत नाही. पेशंट स्वतःहून सांगत नाही, कारण त्याला सवय झालेली असते. ‘खर्रा खाता का?’ विचारलं तर बरेचदा ‘सोडला’ म्हणतात. त्यापेक्षा ‘पाणीपुरी अख्खी तोंडात जाते का?’, ‘तिखटाने तोंडाची आग होते का?’ असं विचारा. मग त्याचीच तीन बोटं उभी धरून त्याला तोंडात घालायला सांगा आणि पट्टीने वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून केसपेपरवर लिहा. नुसतं ‘माउथ ओपनिंग रिस्ट्रिक्टेड’ एवढ्यावरून दुसऱ्या माणसाला काही ठरवता येत नाही. १२ मिमी आणि २५ मिमी यांत साधनांची निवड पूर्ण बदलते.

इथे एक भेद पक्का करा. ताज्या फ्रॅक्चरमध्ये किंवा दुखण्यामुळे मिटलेलं तोंड भूल दिल्यावर काही वेळा उघडतं. फायब्रोसिसने मिटलेलं तोंड स्नायू सैल करणारं स्कोलीन द्या नाही तर रोक्युरोनियम द्या, उघडत नाही. आणि गळवाच्या पेशंटमध्ये ‘दुखण्यामुळेच असेल’ या भरवशावर रिलॅक्संट देऊ नका. सूज आत कुठवर गेलीय ते बाहेरून कळत नाही.

साधनाआधी ऑक्सिजन

कुठल्याही साधनाला वेळ लागतो आणि तो वेळ ऑक्सिजनच्या साठ्यातून मिळतो. डोक्याकडची बाजू साधारण २५ अंश वर करा. लठ्ठ पेशंटच्या खांद्याखाली आणि डोक्याखाली चादरींची उतरण रचा, म्हणजे कानाचं भोक आणि छातीच्या हाडाचा वरचा खळगा एका पातळीत येतील. घट्ट मास्क लावून तीन मिनिटं नेहमीचा श्वास घेऊ द्या. घाई असेल तर एका मिनिटात आठ खोल श्वास. मॉनिटरवर उच्छ्वासातला ऑक्सिजन दिसत असेल तर तो ९० टक्क्यांच्या वर जाईपर्यंत थांबा. मास्क काढल्यावरही नाकातून १५ लिटरने ऑक्सिजन चालू ठेवा. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही ही गोष्ट आहे आणि तिला लागतो फक्त एक जादा सिलिंडर किंवा फ्लोमीटर आणि एक नेझल कॅन्युला. हाय-फ्लोचं मशीन असेल तर उत्तमच, पण ते नाही म्हणून हे राहू नये.

साधा मॅकिन्टॉश आणि बूजी

रॉबर्ट मॅकिन्टॉश यांचं वक्र ब्लेड १९४३ चं. त्यांनीच १९४९ मध्ये बूजीवरून, म्हणजे आधी आत घातलेल्या बारीक लवचिक कांडीवरून, ट्यूब घालायची युक्ती मांडली आणि १९७० च्या दशकात आज आपण वापरतो तशी टोकाशी वाकलेली, साठ सेंटीमीटर लांब बूजी आली. माझं स्पष्ट मत आहे की पैशाच्या मानाने इतका फायदा देणारं दुसरं साधन श्वासमार्गाच्या ट्रॉलीत नाही. तरीही कित्येक ओटींमध्ये ती कपाटात, पाकिटात, कुलपाखाली असते. बूजी उशीपाशी हवी.

बूजी दुसऱ्या अडचणीवर चालते, तीही अर्धीच : कॉर्ड्स दिसत नाहीत, पण एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरची झाकणी) दिसतोय आणि तो उचलला जातोय. कॉर्मॅक-लेहानच्या भाषेत (स्वरयंत्र किती दिसतं याच्या चार ग्रेड) ग्रेड दोनचा अवघड भाग आणि ग्रेड तीनचा सोपा भाग. एपिग्लॉटिस घशाच्या मागच्या भिंतीला चिकटलेला असेल किंवा दिसतच नसेल, तर बूजीने आंधळं चाचपडू नका. त्याने रक्त येतं, सूज येते आणि पुढच्या माणसाची संधीही जाते.

हातात घेतल्यावर असं करा. बूजीचं वाकलेलं टोक वर, म्हणजे पेशंटच्या पुढच्या बाजूला ठेवा. मधल्या रेषेतून एपिग्लॉटिसच्या कडेला लगटून खाली सरकवा. श्वासनलिकेत गेली असेल तर टोक कूर्चेच्या कड्यांवरून जाताना बोटांना टक-टक-टक असं जाणवतं. हे जाणवण्यासाठी बूजी मुठीत आवळून नव्हे, दोन-तीन बोटांच्या चिमटीत धरा. आणखी हलकेच सरकवली की कुठेतरी अडते, कारण टोक लहान श्वासनलिकेत पोचतं. अन्ननलिकेत असेल तर टकटकही नाही आणि अडतही नाही, ती नुसती जात राहते. पण अडेपर्यंत जोर लावून ढकलायची परीक्षा सरसकट करू नका, श्वासनलिकेला इजा होऊ शकते. टकटक लागली की ओठापाशी २५ सेंटीमीटरच्या आसपास थांबा.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. बूजी आत गेली या आनंदात लोक लॅरिंगोस्कोप काढून घेतात. काढू नका. जीभ वर उचललेली राहू द्या, मदतनीसाला बूजीवरून ट्यूब ओवू द्या आणि मग सरकवा. ट्यूब अडली तर तिचं तिरकं टोक बहुधा उजव्या अॅरिटेनॉइडवर (कॉर्ड्सच्या मागच्या टोकाच्या कूर्चेवर) अडकलेलं असतं. एक-दोन सेंटीमीटर मागे घ्या, घड्याळाच्या उलट दिशेने नव्वद अंश फिरवा, पुन्हा सरकवा. आठ नंबरची ट्यूब असेल तर ती बाजूला ठेवून द्या, सात किंवा साडेसहा घ्या. ट्यूब आणि बूजी यांच्यातली फट जितकी कमी तितकी ट्यूब कमी अडकते.

बूजीबद्दल दोन मोठे अभ्यास आहेत आणि ते एकत्र वाचायला हवेत. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका इमर्जन्सी विभागात २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात श्वासमार्ग अवघड असण्याची लक्षणं असलेल्या पेशंटमध्ये पहिल्याच प्रयत्नात ट्यूब जाण्याचं प्रमाण बूजीने ९६ टक्के आणि स्टायलेटने (ट्यूबच्या आत घालायच्या, तिला आकार देणाऱ्या तारेने) ८२ टक्के होतं. २०२१ मध्ये अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या अभ्यासात मात्र बूजी ८०.४ आणि स्टायलेट ८३ टक्के, म्हणजे फरक नाहीच. मिनियापोलिसमधले डॉक्टर रोज, सोप्या पेशंटमध्येही बूजी वापरत होते. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे. अवघड दिवसासाठी राखून ठेवलेलं साधन अवघड दिवशी हाताला अनोळखी वाटतं.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोप : तीन वेगळ्या जाती

पडदा आणि कॅमेरा आहे म्हणून सगळे व्हिडिओ लॅरिंगोस्कोप सारखे समजले जातात. इथेच गोंधळ होतो.

पहिली जात मॅकिन्टॉशच्याच आकाराच्या ब्लेडची. सी-मॅकचं नेहमीचं ब्लेड किंवा मॅकग्रा मॅक या प्रकारचं. हात तसाच चालतो, बूजी तशीच जाते आणि पडद्यावर रक्त किंवा उलटी आली तर मान वाकवून थेट डोळ्यांनी बघता येतं. रेसिडेंट काय बघतोय ते वरिष्ठाला दिसतं, हा शिकवण्यातला फायदा तर अमोल आहे. थेट बघण्यापेक्षा दृश्य एखाद्या ग्रेडने सुधारतं. बहुतेक अनपेक्षित अवघड केसेसमध्ये तेवढंच लागतं.

दुसरी जात जास्त वाकलेल्या ब्लेडची. कॅनडातले शल्यचिकित्सक जॉन पेसी यांनी २००१ च्या सुमारास आणलेला ग्लाइडस्कोप या जातीतला पहिला मोठा. सी-मॅकचं डी-ब्लेड त्याच कुळातलं. हे ब्लेड कोपऱ्यापलीकडचं बघतं. मान हलवायची नाही, स्वरयंत्र फार पुढे आहे, थेट बघितलं तर ग्रेड चार, अशा वेळी हेच हवं. पण ते दुसरी अडचण सोडवताना तिसरी तयार करतं : कॉर्ड्स समोर दिसतात आणि ट्यूब तिथे वळत नाही. म्हणून या जातीचं तंत्र वेगळं शिकावं लागतं.

ब्लेड जिभेच्या उजवीकडून ढकलत नव्हे, मधल्या रेषेतून आत जाऊ द्या. ताठ स्टायलेट ब्लेडच्याच वळणाला वाकवून घ्या. साधी बूजी इथे सरळ होऊन मागे अन्ननलिकेकडे जाते. मग नजर चार टप्प्यांत फिरवा : ब्लेड घालताना तोंडाकडे, कॉर्ड्स शोधताना पडद्याकडे, ट्यूब घालताना पुन्हा तोंडाकडे, आणि टोक ब्लेडच्या पलीकडे गेल्यावरच पुन्हा पडद्याकडे. तिसरा टप्पा गाळला की ट्यूब न दिसणाऱ्या जागेत मऊ टाळू किंवा टॉन्सिलच्या खांबात घुसते. हे टाळता येण्यासारखं आहे आणि तरीही होत राहतं.

पूर्ण, पुस्तकात असतं तसं दृश्य मिळवायचा मोह आवरा. ब्लेड फार आत गेलं की कॉर्ड्स छान दिसतात, पण ट्यूबचा कोन बिघडतो. अर्ध्या कॉर्ड्स दिसल्या की पुरे, ब्लेड थोडं मागे घ्या. टोक कॉर्ड्समध्ये गेलं की मदतनीसाला स्टायलेट पाच-सहा सेंटीमीटर मागे ओढायला सांगा. त्यानंतरही ट्यूब अडली तर ती बहुधा श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीवर टेकलेली असते. या वेळी घड्याळाच्या दिशेने फिरवायची, बूजीच्या उलट. हा फरक हातात बसेपर्यंत मॅनिकिनवर करत राहा.

पुरावा काय सांगतो? २०२२ च्या कॉक्रेन परीक्षणात २२२ अभ्यास आणि २६,१४९ पेशंट होते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या तिन्ही प्रकारांनी फसलेल्या इंट्युबेशनचं (ट्यूब घालण्याचं) प्रमाण साध्या लॅरिंगोस्कोपपेक्षा कमी झालं, आणि जास्त वाकलेल्या ब्लेडने ट्यूब अन्ननलिकेत जाण्याचं प्रमाणही घटलं. २०२३ मध्ये अमेरिकेत गंभीर आजारी अशा १,४१७ प्रौढांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या प्रयत्नाचं यश व्हिडिओने ८५.१ आणि साध्याने ७०.८ टक्के होतं, आणि अनुभव कमी असलेल्या हातांना त्याचा फायदा जास्त झाला. म्हणजे शिकाऊ डॉक्टरांनी ‘आधी साधं जमू दे, मग व्हिडिओ’ असं थांबण्यात पेशंटचं हित नाही.

चॅनेलवाले, म्हणजे ट्यूब ब्लेडच्याच खोबणीत बसवून नेणारे, एअरट्रॅक आणि चॅनेलचं किंग व्हिजन हे तिसऱ्या प्रकारात. स्टायलेट लागत नाही आणि मान हलवायची नसेल तेव्हा उपयोगी. पण चॅनेलमुळे ब्लेड जाड होतं, तोंड सुमारे १८ मिमी तरी उघडावं लागतं. ट्यूब वळवता येत नाही, पूर्ण साधनच हलवून कॉर्ड्स मधोमध आणाव्या लागतात. ट्यूब उजवीकडे अडत असेल तर आणखी ढकलू नका. साधन थोडं मागे घेऊन उचला.

तोंडच उघडत नाही तेव्हा : फ्लेक्सिबल स्कोप, पेशंट जागा

दीड-दोन सेंटीमीटरच्या खाली ब्लेडची जात कोणतीही असो, भरवसा संपतो. एक सेंटीमीटर उघडणाऱ्या तोंडात ताठ व्हिडिओ स्टायलेट दाढांच्या मागच्या फटीतून जाऊ शकतो, आणि ज्यांचा हात त्यावर बसलाय त्यांनी तो जरूर वापरावा. पण फायब्रोसिसच्या पेशंटसाठी माझी पहिली निवड एकच : जागेपणी, नाकातून, फ्लेक्सिबल स्कोपने, म्हणजे बारीक, वळणाऱ्या दुर्बिणीने. १९६७ मध्ये पीटर मर्फी यांनी पित्तमार्ग बघायच्या स्कोपवरून नाकातून ट्यूब घातली तेव्हापासून या तंत्राचं मूळ कारण बदललेलं नाही : पेशंट स्वतः श्वास घेत असतो, त्यामुळे काही जमलं नाही तरी मागे फिरता येतं.

सुरुवात बोलण्यापासून करा, तीही ओटीत नव्हे, आदल्या दिवशी वॉर्डात. ‘काका, तुमचं तोंड कमी उघडतं, म्हणून झोपवायच्या आधी नाकातून एक बारीक नळी घालणार. नाक आणि घसा आधी पूर्ण बधिर करू. खोकला येईल, दुखणार नाही. मी सांगेन तेव्हा खोल श्वास घ्या.’ एवढं समजलेला पेशंट निम्मं काम स्वतः करतो. नातेवाइकांनाही सांगा आणि गरज पडल्यास गळ्यातून मार्ग करण्याची संमती त्याच कागदावर घ्या.

ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम किमान वीस मिनिटं आधी द्या, म्हणजे घसा कोरडा होतो. लाळ असली की बधिर करणारं लिग्नोकेन वाहून जातं आणि कॅमेराही धूसर होतो. दोन्ही नाकपुड्यांत झायलोमेटाझोलिनचे थेंब. कोणत्या नाकपुडीतून हवा जास्त येते ते पेशंटलाच विचारा. मग बधिर करणं. ४ टक्के लिग्नोकेनचं नेब्युलायझेशन, १० टक्क्यांचा स्प्रे, नाकात जेली. एकूण हिशेब कागदावर ठेवा : कमाल मात्रा चरबी वगळून धरलेल्या (लीन) वजनाच्या प्रत्येक किलोला ९ मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला ४५० मिलिग्रॅम. ४ टक्क्यांच्या एका मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम असतात आणि १० टक्क्यांच्या एका फवाऱ्यात १०. तीन जण तीन ठिकाणी फवारत असतील तर ही बेरीज कोणीतरी एकाने करायची. क्रायकोथायरॉइड पडद्यातून दोन-तीन मिलिलिटर लिग्नोकेन देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि चांगली आहे. सिरिंजमध्ये हवा ओढली जाते याची खात्री करा, द्या आणि लगेच सुई काढा, कारण पुढच्या क्षणी पेशंट खोकणार.

गुंगीसाठी डेक्समेडेटोमिडीन दहा मिनिटांत प्रत्येक किलोला अर्धा ते एक मायक्रोग्रॅम, कारण त्यात श्वास फारसा दबत नाही. नाडी आणि रक्तदाबावर लक्ष ठेवा. पण बधिरता कमी पडली म्हणून गुंगी वाढवणं हा या तंत्रातला सर्वांत घातक मार्ग. पेशंट हलतोय, तर आणखी लिग्नोकेन आणि आणखी पाच मिनिटं द्या.

सहा किंवा साडेसहाची ट्यूब कोमट सलाइनमध्ये मऊ करून घ्या, चार मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्कोपवर चढवून टेपने वर अडकवा. स्कोप ताणून सरळ धरा. लूप पडला तर टोक तुमच्या मनगटाचं ऐकत नाही. समोर मधोमध काळी पोकळी ठेवत पुढे जा, गुलाबी भिंत दिसली की मागे या. मागे येणं हे स्कोपीत अपयश नसतं, पुढे ढकलणं असतं. जीभ मागे पडून वाट बंद झाली तर मदतनीसाकडून जबडा पुढे उचलून घ्या. फायब्रोसिसमध्ये जीभ बाहेर काढायला सांगून उपयोग होत नाही, पण खोल श्वास घ्यायला सांगून होतो. कॉर्ड्स दिसल्या की स्कोपच्या चॅनेलमधून त्यांवर लिग्नोकेन सोडा, मिनिटभर थांबा, श्वास आत घेताना पार करा. कड्या, मग कॅरिना, म्हणजे श्वासनलिका दुभागते ती जागा. आता ट्यूब सरकवा. अडली तर घड्याळाच्या उलट नव्वद अंश. स्कोप बाहेर काढताना ट्यूबचं टोक कॅरिनाच्या तीन-चार सेंटीमीटर वर आहे ते बघत या. कॅप्नोग्राफचा (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राचा) आलेख दिसला की मगच भूल.

स्कोप नसेल, तर ही केस स्कोप असलेल्या ठिकाणी पाठवणं हाच योग्य निर्णय. नियोजित शस्त्रक्रियेला दोन दिवस उशीर झाला तर चालतो. नाकातून आंधळेपणाने ट्यूब घालण्यात आपल्या आधीच्या पिढीचा हात अप्रतिम होता, पण नाकातून रक्त आलं की नंतर स्कोपलाही काही दिसत नाही. म्हणून ती पहिली पायरी नको. क्रायकोथायरॉइड पडद्यातून वर तार किंवा एपिड्यूरल कॅथेटर काढून त्यावरून ट्यूब नेण्याची उलटी पद्धत १९६३ मध्ये वॉटर्स यांनी नायजेरियात, चेहरा आणि तोंड आजाराने बिघडलेल्या पेशंटसाठी मांडली होती. जिथे खरोखर काहीच नाही तिथे ती आजही चालते, पण शिकलेल्या हातांत आणि वेळ असेल तेव्हाच.

तोंड तीन सेंटीमीटर उघडतंय पण इतर लक्षणं वाईट आहेत, अशा पेशंटमध्ये जागेपणी व्हिडिओ लॅरिंगोस्कोपही वापरता येतो. यश स्कोपइतकंच येतं आणि वेळ कमी लागतो. बधिर मात्र तितकंच करावं लागतं.

एलएमए, आयजेल आणि त्यांतून ट्यूब

स्वरयंत्राच्या वर बसून, ट्यूब जात नसताना ऑक्सिजन द्यायची ही साधनं आहेत आणि त्यांचं खरं मोल तेच. आर्ची ब्रेन यांनी १९८३ मध्ये लॅरिंजियल मास्क, म्हणजे एलएमए, प्रसिद्ध केला आणि अवघड श्वासमार्गातली मृत्यूची भीती त्यानंतर बरीच ओसरली. तोंड दोन-अडीच सेंटीमीटर उघडणं मात्र इथेही लागतंच.

फास्ट्रॅक, म्हणजे इंट्युबेशनसाठीच बनवलेला एलएमए, आंधळेपणाने ट्यूब घालण्यासाठी आहे : आधी व्हेंटिलेशन उत्तम मिळेल अशी जागा शोधा, मग दांड्याने मास्क घशाच्या मागच्या भिंतीपासून किंचित उचला, मग ट्यूब. आयजेलमधून मात्र आंधळी ट्यूब घालू नका, त्यातून स्कोपच्या नजरेखाली घाला. ३ नंबरमधून ६ ची, ४ मधून ७ ची आणि ५ मधून ८ ची ट्यूब जाते. ट्यूब बसल्यावर आयजेल काढायची घाई नको. ऑपरेशन त्याच्यासह होत असेल तर राहू द्या, कारण काढताना ट्यूब बाहेर येणं हा अगदी नेहमीचा अपघात आहे. आणि पेशंट आयजेलवर छान चाललाय, ऑपरेशन लांबवता येतंय, तर त्याला जागं करणं हाही पूर्ण प्रतिष्ठेचा पर्याय आहे.

ऐन वेळचा क्रम

भूल देण्याआधी मोठ्याने बोला : ‘पहिल्यांदा व्हिडिओने. नाही झालं तर बूजी आणि ब्लेड बदलून एकदा. नाही तर आयजेल. सिस्टर, सॅच्युरेशन ९५ च्या खाली गेलं की मला सांगा, मी काहीही करत असले तरी.’ ही शेवटची सूचना फार महत्त्वाची, कारण ब्लेड हातात असलेल्या माणसाला वेळ कळत नाही.

लॅरिंगोस्कोपीचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन, आणि पुढचा प्रयत्न सॅच्युरेशन ९५ किंवा वर असेल तरच. मध्ये मास्कने ऑक्सिजन. प्रत्येक प्रयत्नात काहीतरी बदललं पाहिजे : डोक्याची ठेवण, ब्लेडची जात, ट्यूबचा नंबर, बूजी, किंवा हात. तेच साधन, तोच हात, तीच ठेवण घेऊन केलेला दुसरा प्रयत्न म्हणजे फक्त जास्त सूज. मग आयजेल किंवा एलएमए, दोन प्रयत्न. तेही नाही, तर पेशंट पूर्ण शिथिल असल्याची खात्री करून मास्कने शेवटचा प्रयत्न. तेही नाही, तर गळा.

तोंड रक्ताने किंवा उलटीने भरलेलं असेल तर क्रमच बदला. फ्लेक्सिबल स्कोप इथे जवळपास निरुपयोगी. जाड सक्शन ब्लेडच्या पुढे पुढे नेत मॅकिन्टॉश आकाराचं व्हिडिओ ब्लेड घाला, सक्शनचं टोक अन्ननलिकेच्या तोंडाशी डावीकडे ठेवून द्या, कॅमेरा माखला तर थेट बघा.

ट्यूब गेल्यावर पुरावा एकच : कॅप्नोग्राफवर टिकून राहणारा आलेख. ‘छाती हलतेय’, ‘ट्यूबमध्ये वाफ दिसतेय’, ‘हवा ऐकू येतेय’ यावर विसंबू नका. आलेख सपाट असेल तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असंच धरून चाला. हृदय बंद पडलेलं असतानाही, छाती दाबणं चालू असेल तर आलेख खुजा येतो, सपाट नाही. ब्रिटनमधल्या २०११ च्या राष्ट्रीय परीक्षणात आयसीयूतल्या श्वासमार्गाच्या मृत्यूंमागे कॅप्नोग्राफी नसणं हे सर्वांत ठळक कारण निघालं होतं.

गळ्यातून मार्ग

त्याच परीक्षणात गळ्यातून बारीक कॅन्युला घालण्याचे प्रयत्न सुमारे ६० टक्के वेळा फसले होते. म्हणून मी ब्लेड, बूजी, ट्यूब हीच पद्धत शिकवते : १० नंबरचं ब्लेड, बूजी, ६ ची कफवाली ट्यूब. तिन्ही एका पिशवीत, प्रत्येक ओटीत भिंतीला अडकवलेली. मान मागे करा. डाव्या हाताने स्वरयंत्र पकडून पडदा शोधा. आडवा छेद आरपार द्या, ब्लेड न काढता नव्वद अंश फिरवून धार पायांकडे करा, ब्लेडच्या कडेने बूजी आत, तिच्यावरून ट्यूब. पडदा लागत नसेल तर मधल्या रेषेत आठ-दहा सेंटीमीटरचा उभा छेद घ्या आणि बोटाने मांस बाजूला करून शोधा. रक्त येईल. थांबायचं नाही. हे काम कौशल्यामुळे क्वचित अडतं, बहुतेकदा उशिरा ठरवल्यामुळे अडतं.

खरेदी कोणत्या क्रमाने

कॅप्नोग्राफ नसेल तर तो सर्वांत आधी, बाकी सगळं नंतर. मग बूजी, पुरेशा संख्येने. मग तिन्ही मापांचे आयजेल किंवा तत्सम दुसऱ्या पिढीचे मास्क. मग व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, आणि तो असा निवडा की एकाच हँडलला मॅकिन्टॉश आकाराचं आणि जास्त वाकलेलं अशी दोन्ही ब्लेड्स लागतील. विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचारा : ब्लेड निर्जंतुक कसं करायचं, बॅटरी इथे बदलून मिळते का, बिघडल्यास त्या काळात दुसरा सेट देणार का. कोविडच्या काळात अनेकांनी मोबाइलला जोडायचे स्वस्त बोरस्कोप मॅकिन्टॉशला बांधून काम चालवलं. शिकवायला ते छान आहे, पण काचेवर वाफ धरते, चित्र उशिरा उमटतं आणि तो कॅमेरा नीट निर्जंतुक करता येत नाही, त्यामुळे तेवढ्यावर अवघड केस घेऊ नका. फ्लेक्सिबल स्कोप शेवटी, आणि तोही तुमच्याकडे महिन्याला दोन-चार तरी अशा केसेस येत असतील तर. लाखो रुपयांचा स्कोप पेटीत ठेवून हात गंजण्यापेक्षा जवळच्या मेडिकल कॉलेजशी पेशंट पाठवायची पक्की व्यवस्था करणं जास्त सुरक्षित.

ट्यूब काढताना आणि नंतर

ज्याची ट्यूब घालायला अवघड गेली त्याची काढतानाही तेवढीच तयारी हवी. पूर्ण जागा, ताकद परत आलेली, डोकं वर, तीच ट्रॉली शेजारी. सूज असल्याची शंका असेल किंवा जबडा तारेने बांधलेला असेल तर एक्सचेंज कॅथेटर (ज्यावरून ट्यूब पुन्हा घालता येते ती बारीक नळी) आत ठेवून ट्यूब काढा किंवा ट्यूबच रात्रभर राहू द्या. जबड्याच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर ट्रॅकिओस्टॉमीचा निर्णय सर्जनबरोबर आधीच घ्या.

मग पेशंटला चिठ्ठी द्या. डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीने काम होत नाही, ते कार्ड घरी पोचल्यावर हरवतं. वेगळ्या कागदावर, मराठीत आणि डॉक्टरांच्या भाषेत, लिहा : तोंड किती मिलिमीटर उघडलं, मास्कने हवा देता आली का, कोणत्या ब्लेडने कोणता ग्रेड दिसला, काय जमलं नाही, शेवटी कशाने आणि कोणत्या नंबरची ट्यूब गेली, तारीख, सही. त्याच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून द्या आणि बरोबर आलेल्या मुलाला किंवा बायकोलाही पाठवा. त्यांना एवढं सांगा : ‘पुढे कुठल्याही ऑपरेशनला गेलात, दाताचं असो की डोळ्याचं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा कागद आधी दाखवा.’